व्यत्ययाचा भूगोल

दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर दीड मीटर तरंगलांबीचं एक रडार होतं. शत्रूचं जहाज किंवा विमान टापूत आलं तर ते आधी कळावं, एवढंच त्याचं काम. पण उन्हाळा तापला की त्याच्या पडद्यावर भलतेच प्रतिध्वनी उमटू लागत. हिशेब केल्यावर उमगलं, की ते हजार ते दीड हजार मैलांवरच्या अरबस्तानातून परत येत आहेत. रडारची नजर क्षितिजाच्या थोडी पलीकडे संपायला हवी होती. ती समुद्र ओलांडून पलीकडचा किनारा शिवून येत होती. पावसाळा लागला की हा प्रकार बंद. रेडिओलहरींच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईचं हे उदाहरण आजही सापडतं.

दीड मीटर तरंगलांबी म्हणजे 200 मेगाहर्ट्झ. पुढे टेलिव्हिजनसाठी जो 174 ते 230 मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला गेला, त्याच्या ती जवळजवळ मधोमध येते. म्हणजे मुंबई आणि आखात यांच्यामधला समुद्र टीव्हीच्या लहरींना अडवेलच असं नाही, हे दोन्ही काठांवर टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी कळून चुकलं होतं. आखातातल्या टीव्हीची, त्यातल्या व्यत्ययांची आणि ॲनलॉगकडून डिजिटलकडे जाताना झालेल्या ओढाताणीची गोष्ट म्हणून या पाण्यापासूनच सुरू करावी लागते.

खाडीच्या काठावर

बर दुबई म्हणजे दुबईच्या खाडीचा पश्चिमेकडचा काठ. पलीकडे देरा. मधे एका दिरहमात ने-आण करणाऱ्या अब्रा नावाच्या लाकडी होड्या. काठालगत कापडबाजार, अल फहिदीचा जुना किल्ला, मीना बाजारातली सोन्याची आणि साड्यांची दुकानं, पुढे मनखूल आणि करामा. नोकरीसाठी आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी आखातातलं पहिलं बिऱ्हाड याच पट्ट्यात मांडलं. आधी एकट्याची बेडस्पेस, म्हणजे सामायिक खोलीतली भाड्याची खाट, मग दुसऱ्या कुटुंबाबरोबर अर्धा फ्लॅट, मग स्वतःचा.

किल्ल्याशेजारची वारामनोऱ्यांची वस्ती, जिला अनेक जण अजूनही बस्तकियाच म्हणतात, ती इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. त्यांच्या मुलखातलं बंदर लेंगे इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईहून नाशिक जवळजवळ तेवढंच. पण मुंबई आणि नाशिकमध्ये सह्याद्री उभा आहे. इथे मधे सपाट, तापलेलं पाणी आहे. जी वाट व्यापाऱ्यांच्या गलबतांना सोपी पडली, ती लहरींनाही सोपी पडते.

या भागात टीव्ही आला तो 1969 मध्ये. अबूधाबीचं केंद्र त्याच वर्षी सुरू झालं आणि दुबईत कुवेतने चालवलेलं केंद्रही. संयुक्त अरब अमिरातीचा जन्म त्यानंतरचा, 2 डिसेंबर 1971चा. दुबईचं स्वतःचं रंगीत प्रक्षेपण 1974 मध्ये सुरू झालं. भारतात रंगीत टीव्ही आला 1982 मध्ये. त्यामुळे सुट्टीवर गावी जाणाऱ्या दुबईकराच्या सामानात रंगीत टीव्हीचा खोका असणं हा त्या काळातला मोठा रुबाब होता. पुढे 1989 मध्ये शारजाचं केंद्र आलं, 1996 मध्ये अजमानचं. शारजा बर दुबईपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आणि अजमान त्याला लागूनच. इतक्या लहानशा किनारपट्टीवर इतके मनोरे उभे राहिले, आणि प्रत्येकाला हवेत आपली वेगळी जागा लागली.

भारतीय कुटुंबांना यातलं सर्वांत जवळचं वाटलं ते दुबईचं चॅनल 33. इंग्रजी कार्यक्रमांचं हे चॅनल. 33 हा त्याच्या यूएचएफ पट्ट्यातल्या घराचा क्रमांक, म्हणजे 566 ते 574 मेगाहर्ट्झ. गुरुवारी रात्री त्यावर लागणारा हिंदी सिनेमा आखातात वाढलेल्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणीत आहे. तेव्हा शुक्रवार सुट्टीचा, म्हणून गुरुवारची रात्र जागायची. एका टीव्हीसमोर दोन-तीन बिऱ्हाडं गोळा होत. 2004 मध्ये या चॅनलचं नाव बदलून वन टीव्ही झालं.

मुंग्या, पट्टे आणि दुहेरी चित्र

ॲनलॉग टीव्हीचा एक गुण होता. काय बिघडलंय ते तो पडद्यावरच दाखवत असे. संकेत अशक्त असेल तर मुंग्या. बाजूच्या मोटारीच्या इंजिनातून ठिणग्यांचा त्रास होत असेल तर तुटक ठिपक्यांच्या रेषा. दूरचं दुसरं केंद्र त्याच चॅनलवर घुसत असेल तर आडवे, सरकणारे पट्टे. आणि इमारतीवर आपटून आलेली लहर थेट लहरीच्या मागोमाग पोचली, तर प्रत्येक माणसाच्या उजव्या खांद्यामागे त्याचीच फिकट आकृती.

या दुहेरी चित्राचा हिशेब अगदी सोपा आहे. अमिरातीत आणि भारतातही पॅल पद्धत होती. तिच्यात चित्राची एक आडवी रेष 64 मायक्रोसेकंदांत काढली जाते आणि त्यातला दिसणारा भाग 52 मायक्रोसेकंदांचा असतो. लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. समजा, शेख झायेद रस्त्यावरच्या एखाद्या काचेच्या मनोऱ्यावर आपटून आलेल्या लहरीला दीड किलोमीटर जास्त चालावं लागलं, तर ती पाच मायक्रोसेकंद उशिरा पोचेल. म्हणजे फिकट आकृती पडद्याच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागाइतकी उजवीकडे सरकलेली दिसेल. फूटपट्टी हातात असेल तर आकृतीतलं अंतर मोजून गुन्हेगार इमारत किती लांब आहे, याचा अंदाज घरबसल्या बांधता येत होता. दुबईत दरवर्षी नवे मनोरे उभे राहत होते, आणि जुन्या वस्तीतल्या अँटेनांना दरवर्षी नवे आरसे भेटत होते.

पट्ट्यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. ॲनलॉग चित्र डोळ्यांना स्वच्छ दिसायचं असेल, तर त्याच चॅनलवरच्या परक्या संकेतापेक्षा आपला संकेत सुमारे 40 डेसिबल वरचढ लागतो. 40 डेसिबल म्हणजे शक्तीत दहा हजार पट. म्हणून एक चॅनल एका गावाला दिलं, की त्याच्या भोवतीच्या मोठ्या टापूत ते पुन्हा कुणाला देता येत नाही. महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच, आणि एवढ्या उंचीवरून लहरींचं क्षितिज सत्तरेक किलोमीटरवर येतं. पुणं त्याच्या पलीकडे आणि सह्याद्रीच्या आड. म्हणून पुढच्या वर्षी सिंहगडावर, 1,300 मीटर उंचीवर, पुण्यासाठी सहक्षेपण केंद्र उभारावं लागलं. मुंबई चौथ्या चॅनलवर होती, पुणं पाचव्यावर. कार्यक्रम तेच, तरी वाटा वेगळ्या, कारण घाटमाथ्यावरच्या घरात दोन्ही संकेत एकाच वाटेने आले असते तर एकही नीट दिसला नसता.

अभियंत्यांनी आणखी एक युक्ती काढली होती. दोन दूरच्या केंद्रांना नाइलाजाने एकच चॅनल द्यावं लागलं, तर त्यांच्या वाहक लहरी किंचित सरकवून ठेवायच्या. सेकंदाला 15,625 रेषा, त्याचा दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे 10.4 किलोहर्ट्झ. एवढ्याने पट्टे बारीक होतात, डोळ्यांना कमी खुपतात आणि 40-45 डेसिबलची गरज तिशीच्या घरात उतरते. व्यत्यय तेवढाच राहतो. तो डोळ्यांना फारसा जाणवत नाही, इतकंच.

उन्हाळ्यातले पाहुणे

या सगळ्या नियोजनाचा पाया असा, की लहरी क्षितिजाच्या थोड्या पलीकडे जाऊन विरतात. आखातात उन्हाळ्यात नेमका हा पायाच हलतो. वाळवंटावरून आलेली तापलेली, कोरडी हवा समुद्रावर पसरते. खाली पाण्यालगत दमट, तुलनेने थंड हवेचा थर असतो. हवेच्या या दोन थरांत लहर कोंडली जाते आणि पृथ्वीच्या वाकासोबत वाकत शेकडो किलोमीटर जाते. याला डक्टिंग म्हणतात. जगात ज्या जागी ते सर्वांत जोरकस होतं, त्यांत आखाताची गणना आहे.

अशा रात्री बर दुबईच्या गच्चीवरच्या अँटेनेला कतार, बहारीन, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा आणि इराणची बंदरं ही सगळी शेजारीपाजारीच. रिकाम्या चॅनलवर परकं केंद्र स्वच्छ दिसलं तर मौज. पण आपल्याच चॅनलवर ते उतरलं, की सिनेमाच्या ऐन रंगात पट्टे. घरात कुणीतरी टीव्हीवर थापा मारायचा, कुणी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, खालून "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा. प्रत्यक्षात बिघाड टीव्हीतही नसे आणि अँटेनेतही नसे. तो त्या रात्रीच्या हवेत असे.

मुंबई ते दुबई अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. डक्टिंगखेरीज या अंतराला आणखी एक वाट आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट ढग अधूनमधून तयार होतात आणि खालच्या व्हीएचएफ पट्ट्यातल्या लहरी त्यांच्यावरून परावर्तित होतात. एका उडीत त्या जास्तीत जास्त दोनेक हजार किलोमीटर जातात. मुंबई दूरदर्शनचं चौथं चॅनल याच खालच्या पट्ट्यातलं. भारत आणि आखात या दोन काठांमधलं अंतर अशा एका उडीत बसतं.

दोन संकेत एका हवेत

डिजिटल प्रक्षेपणाने या व्यत्ययांचं स्वरूप पार बदललं. युरोपात घडलेल्या डीव्हीबी-टी पद्धतीत माहिती एका वाहक लहरीवर न लादता हजारो बारीक वाहकांवर वाटून पाठवतात. एका प्रकारात 6,817 वाहक असतात. प्रत्येक वाहक सावकाश बोलतो आणि दर शब्दानंतर थोडा थांबतो. थांबण्याचा हा वेळ जास्तीत जास्त 224 मायक्रोसेकंदांचा ठेवता येतो. तेवढ्यात लहर 67 किलोमीटर जाते. म्हणजे मनोऱ्यावर आपटून दीड किलोमीटर उशिरा आलेली प्रत या विश्रांतीतच जिरून जाते. काचेच्या मनोऱ्यांचं शहर ॲनलॉगला जेवढं नडलं, तेवढं डिजिटलला नडत नाही.

परक्या केंद्राविरुद्धही डिजिटल चिवट आहे. त्याला दहा हजार पटींऐवजी शंभरेक पटींचा वरचष्मा पुरतो, आणि समोरचा परका संकेत ॲनलॉग असेल तर त्याहून पुष्कळ कमी. पण ही मर्यादा ओलांडली की चित्र हळूहळू खराब होत नाही, एकदम जातं. आधी चौकोनांचे तुकडे, मग निळा पडदा आणि "नो सिग्नल". ॲनलॉगच्या मुंग्यांमधूनही गावसकरची फलंदाजी पाहिलेल्या माणसाला हा कोरडेपणा पचायला जड जातो. डक्टिंगच्या रात्री डिजिटलची आणखी एक पंचाईत होते. एकाच वारंवारतेवर अनेक मनोरे चालवायची सोय डिजिटलमध्ये आहे. पण हवेच्या बोगद्यातून आपलाच दूरचा मनोरा शे-दीडशे किलोमीटर उशिरा ऐकू आला, तर तो विश्रांतीच्या वेळेबाहेर पडतो आणि आपलाच संकेत आपल्याला मारतो.

खरी कसोटी लागली ती मधल्या काळात. सगळ्यांचे टीव्ही एका रात्रीत बदलता येत नाहीत. म्हणून काही वर्षं तोच कार्यक्रम ॲनलॉग आणि डिजिटल दोन्ही रूपांत पाठवावा लागतो. हवा तेवढीच, संकेत दुप्पट. डिजिटलला जागा द्यायची ती ॲनलॉगच्या मधल्या फटींत, शेजारच्या चॅनलवर, पूर्वी जिथे कुणाला बसवणं निषिद्ध मानलं जाई तिथे. डिजिटलचा संकेत ॲनलॉग टीव्हीला निव्वळ खरखरीसारखा भासतो, म्हणजे जुन्या पडद्यावर मुंग्या वाढतात. त्यामुळे डिजिटलची शक्ती मुद्दाम कमी ठेवावी लागते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्यावरून ॲनलॉग 1,000 किलोवॉटने जात होता, तेव्हा डिजिटलला 20 किलोवॉटच्या आत राहावं लागलं. 2012 मध्ये ॲनलॉग बंद झाल्यावर तोच डिजिटल 200 किलोवॉटवर गेला. नव्याला जुन्याच्या सोयीने चौदा वर्षं दबक्या आवाजात बोलावं लागलं.

शेजारी देशांनी हे परस्पर ठरवणं शक्यच नव्हतं. 2006 च्या मे-जूनमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जिनिव्हात परिषद भरवली. युरोप, आफ्रिका, अरब देश आणि इराण यांनी एकत्र बसून कुठल्या गावाला कुठलं डिजिटल चॅनल, याचा एकच आराखडा केला. ॲनलॉगला मिळणाऱ्या संरक्षणाची मुदत ठरली 17 जून 2015, काही देशांत व्हीएचएफसाठी आणखी पाच वर्षं. त्यानंतर कुणी ॲनलॉग चालू ठेवलं तरी शेजाऱ्याच्या डिजिटलविरुद्ध तक्रार करायचा हक्क त्याला उरणार नव्हता. आखाताच्या दोन्ही काठांनी एकाच कागदावर सह्या करणं ही एरवी सोपी गोष्ट नाही. ती हवेच्या थरांनी करायला लावली. भारत या आराखड्यात नव्हता. त्यामुळे मुंबई डिजिटलच्या वेगळ्या रस्त्याने आणि फार सावकाश चालली.

छप्पर कुणाचं?

दुहेरी प्रक्षेपण किती वर्षं चाललं, यावरून देशांच्या याद्या लावल्या जातात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हा काळ कुणासाठी चालवला आणि तो संपला तेव्हा प्रेक्षक कुठे होता?

बर्लिनमध्ये नोव्हेंबर 2002 ते ऑगस्ट 2003 एवढ्या थोडक्या महिन्यांत काम उरकलं, कारण गरीब कुटुंबांना सेट-टॉप बॉक्स मिळवून देण्याची तजवीज आधी केली होती. दूरदर्शनने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई इथे 2003 मध्येच डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. वरळीच्या मनोऱ्यावरून दोन्ही संकेत जाऊ लागले, पण डिजिटल पकडणारे टीव्ही बाजारात जवळजवळ नव्हते. 25 फेब्रुवारी 2016 रोजी नव्या डीव्हीबी-टी2 पद्धतीचं प्रक्षेपण सोळा शहरांत सुरू झालं, त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होती. तोवर मुंबईत केबलचंही डिजिटलीकरण सक्तीने होऊन गेलं होतं, आणि छपरावरच्या अँटेना भंगारात गेल्या होत्या. 2022 च्या मार्चपर्यंत मोजके अपवाद सोडून दूरदर्शनचे ॲनलॉग प्रक्षेपक बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा महाराष्ट्रात कुठे फारशी हळहळही ऐकू आली नाही.

बर दुबईत प्रेक्षक अँटेनेपासून याहून लवकर दूर गेला. त्याचं कारण तांत्रिक कमी आणि भाडेकरूपणाचं जास्त होतं. इमारत मालकाची, गच्चीची किल्ली नातूरकडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे. चार फ्लॅटच्या चार अँटेना वर लावणार कोण? 1992 मध्ये झी टीव्ही उपग्रहावर आला, 1999 मध्ये अल्फा मराठी, आजचं झी मराठी. 1994 मध्ये ऑर्बिट या कंपनीने आखातात उपग्रहावरून डिजिटल सशुल्क टीव्ही आणला. म्हणजे इथे डिजिटल आधी आकाशातून आलं, मनोऱ्यावरून नंतर. बाल्कनीत डिश लटकवायला महापालिकेची मनाई, म्हणून गच्चीवर एक सामायिक डिश आणि तिथून प्रत्येक घरात केबल. 2000 मध्ये एतिसलात या दूरसंचार कंपनीची ई-व्हिजन ही केबल सेवा आली.

जुन्या इमारतींतल्या अशा केबलमध्ये ॲनलॉग आणि डिजिटल संकेत एकाच तारेतून शेजारी शेजारी धावतात तेव्हा तोच खेळ लहान प्रमाणावर पुन्हा होतो. डिजिटल वाहकांची पातळी ॲनलॉगपेक्षा 6 ते 10 डेसिबल खाली ठेवावी लागते, नाहीतर जुन्या चित्रांत खरखर शिरते. गंजलेला जोड, सैल कनेक्टर, स्वस्तातली पातळ वेटोळी केबल, यांतून बाहेरचे संकेत आत झिरपतात. मधल्या मजल्यावर कुणी परस्पर स्प्लिटर लावला की त्यापुढच्या घरांतले डिजिटल चॅनल आधी जातात आणि ॲनलॉग मात्र मुंग्यांसह रडतखडत चालू राहतात. हवेतल्या व्यत्ययावर जिनिव्हात परिषद भरते. जिन्यातल्या व्यत्ययावर नातूर, मालक आणि तंत्रज्ञ यांची टोलवाटोलवी चालते.

पुढे तांब्याच्या तारेची जागा काचतंतूने घेतली. घरापर्यंत फायबर पोचण्याच्या जागतिक याद्यांत अमिराती वर्षानुवर्षं अग्रस्थानी राहिली आहे. आता चित्र इंटरनेटच्या पाकिटांतून येतं. अँटेनेने रिकाम्या केलेल्या वारंवारताही मोबाइलकडे गेल्या. 2012 च्या जागतिक रेडिओ परिषदेत अरब आणि आफ्रिकी देशांनी आग्रह धरून 694 ते 790 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी खुला करून घेतला. पूर्वी जिथे टीव्हीची यूएचएफ चॅनलं होती, तिथून आज कराम्यातल्या बेडस्पेसवर पडलेल्या मुलाच्या फोनवर मराठी मालिका उतरू शकते.

या बदलात चित्र सुधारलं यात वाद नाही. पण अँटेनेवरच्या टीव्हीला मासिक बिल नव्हतं, पासवर्ड नव्हता, आणि पाहणारे दहा असोत की दहा लाख, मनोऱ्याची वीज तेवढीच जळत होती. आज एखादा सामना किंवा मालिका "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं सांगून बंद होते, तेव्हा तो अडथळा हक्कांच्या करारातून आलेला असतो. अँटेना फिरवून तो जात नाही आणि पावसाळा लागला म्हणून बंदही पडत नाही.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देण्यासारखं नाही, कारण तसाच दुहेरी काळ आता रेडिओत येतो आहे. आकाशवाणीने मध्यमलहरींवर डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपक बसवले आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर ॲनलॉग व डिजिटल दोन्ही एकत्र चालतात. वरळीहून 2003 मध्ये डिजिटल संकेत निघाला तेव्हा तो पकडायला समोर कुणी नव्हतं. रेडिओच्या बाबतीत क्रम उलटा हवा. आधी परवडणारा संच बाजारात, मग संकेत हवेत, आणि जुनं बंद करण्याची तारीख सगळ्यात शेवटी. कोकणातल्या मच्छीमाराला आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हवामानाची बातमी ज्या संचावर मिळते तो मुका करायचा असेल, तर नवा संच कुणाच्या पैशाने येणार, हे प्रसार भारतीने आधी सांगायला हवं.